एरसिलियाच्या नावाचा डाव

नीवेस झानेल्ला एकोणीस वर्षं इटालियन क्लबची पायरी चढली नव्हती. लोअर बेंड हे काही मोठं गाव नव्हे. हर्बर्ट नदीच्या वळणात बसलेली, इटलीहून आलेल्या ऊसकऱ्यांची दीडशे घरं, चारी बाजूंनी ऊस आणि मधून ऊस वाहणाऱ्या छोट्या गाडीचे रूळ. एवढ्याशा गावात क्लब टाळायचा तर रोज वाट वाकडी करावी लागे, आणि नीवेस ती करत असे. पाव आणायला निघाली तरी रुळांच्या कडेनं चिखल तुडवत जाई, पण क्लबच्या व्हरांड्यासमोरून जात नसे.

त्याला कारण होता ब्रिस्कोला. प्याले, नाणी, तलवारी आणि सोटे अशा चार रंगांच्या चाळीस पत्त्यांचा हा हुकमाचा खेळ लोअर बेंडच्या माणसांना आईच्या दुधाबरोबर मिळतो. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू. एक्का सगळ्यांत मोठा, आणि त्याच्या खालोखाल, राजालाही मागे सारून, तिर्री. भिडूशी बोलायचं नाही, पण खुणा चालतात. ओठ मुडपले की एक्का, तोंड वाकडं केलं की तिर्री, खांदा उडवला की घोडेस्वार. नीवेसचा नवरा सेवेरिनो आणि त्याच्या बहिणीचा, एरसिलियाचा, नवरा ओरेस्ते हे बावीस वर्षं एकमेकांचे भिडू होते. क्लबच्या भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर दोघांची नावं तीनदा जोडीनं रंगवलेली होती.

चौथ्यांदा ती रंगवली गेली नाहीत. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात शेवटचा डाव संपला तेव्हा पत्ते एकोणचाळीसच भरले. शोधाशोध झाली. प्याल्यांची तिर्री सेवेरिनोच्या खुर्चीखाली सापडली, आणि त्या डावाला हुकूम प्याल्यांचाच होता. सेवेरिनोला आधी काय झालंय तेच कळेना. तो पत्त्याकडे बघत राहिला. कुणी काही बोलायच्या आत ओरेस्ते उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला बरेच दिवस संशय होता. मेव्हणा म्हणून गप्प बसलो."

क्लबचा अध्यक्ष तेव्हा ग्वेरिनो होता. त्यानं तिथल्या तिथे सेवेरिनोला जन्माची बंदी केली. दुसऱ्या आठवड्यात फळीवरची सेवेरिनोची तिन्ही नावं तपकिरी रंगानं पुसली. ओरेस्तेचं नाव तसंच राहिलं, शेजारी तपकिरी डाग.

सेवेरिनोनं घरी येऊन बायकोला एकच वाक्य सांगितलं होतं, की पत्ता ओरेस्तेच्या मांडीखाली होता, बघणाऱ्यांची कुजबुज सुरू झाली तेव्हा त्यानं तो पायानं इकडे सरकवला. नीवेसनं लगेच विश्वास ठेवला. गावानं ठेवला नाही. एरसिलियानं तर भावाशी बोलणंच टाकलं. सेवेरिनोनं पुन्हा पत्त्याला हात लावला नाही. उसाचं काम, घर, मागच्या अंगणातली आंब्याची झाडं, एवढ्यातच तो पंधरा वर्षं राहिला. कुणी रस्त्यात भेटलं की हा आपला बूट न्याहाळत उभा. एका गाळपाच्या हंगामात त्याचं हृदय थांबलं. अंत्यविधीला एरसिलिया आली नाही. ओरेस्ते मात्र आला, पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन, आणि पहिल्या बाकावर बसला. चर्चच्या बाहेर लोक त्याला म्हणत होते, तुझं मन मोठं आहे. नीवेसनं ते चक्र घरी नेऊन पाचटाबरोबर पेटवून दिलं.

त्या दिवसापासून तिच्या मनात दुसरा विचार नव्हता. रडणं तिनं बाजूला ठेवलं होतं. डूख धरलेल्या माणसाला रडायला सवड नसते, असं ती नंतर स्वतःच सांगायची. पण करायचं काय? ती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नमुने तपासून निवृत्त झालेली बाई. ओरेस्ते क्लबचा उपाध्यक्ष. ती काही बोलली असती तर लबाडाची बायको म्हणून लोकांनी तोंड फिरवलं असतं. आणि हे ओरेस्तेला पक्कं ठाऊक होतं.

ब्रिस्बेनला राहणाऱ्या मुलीनं तिला नवा मोबाइल पाठवला आणि त्यात मन रमावं म्हणून खेळ घालून दिले. त्यांत ब्रिस्कोलाही होता. नीवेसला कधी कुणी पत्ते वाटले नव्हते. तिच्या पिढीत बायकांना खेळात बसवत नसत. पण लग्नानंतरची कितीतरी वर्षं दर शनिवारी तिच्या व्हरांड्यात पुरुष खेळायला जमत, आणि ती कॉफी घेऊन प्रत्येकाच्या पाठीमागून फिरे. चारही हातांतले पत्ते पाहायला मिळणारी त्या घरातली ती एकटीच होती. कोण घाबरला की मोठा पत्ता टाकतो, कोण हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवतो, हे तिला पाठ होतं.

आधी ती यंत्राशी खेळली. मग ब्वेनोस आयरेसच्या, पालेर्मोच्या अनोळखी माणसांशी. आठ महिन्यांत तिचा क्रमांक इतका वर गेला की मुलीनं फोन करून विचारलं, आई, तू झोपतेस तरी का? नीवेस म्हणाली, भरपूर झोपते, पण पत्ते मोजत.

खेळात तिनं स्वतःचं नाव ठेवलं होतं 'प्याल्यांची तिर्री'. लोअर बेंडचे बरेच म्हातारे तिथे भेटत, आणि ओरेस्ते तर आपल्या खऱ्या नावानं, टोपी घातलेल्या फोटोसकट बसलेला असे. ती त्याला एकास एक खेळायला बोलावी. तो हुकूम दाबून ठेवायचा तसाच ठेवी, ती तो बाहेर काढायला लावी, आणि शेवटच्या तीन हातांत त्याला पाणी पाजी. चाळीसएक डाव झाल्यावर त्यानं खाली लिहिलं: कोण आहेस तू? तिनं उत्तर दिलं नाही. पुढच्या वेळी तो मध्येच डाव टाकून निघून गेला, आणि मग त्यानं त्या नावाचं बोलावणं घेणंच बंद केलं.

ते दोन दिवस नीवेस खुशीत होती. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड कडू झालं. हरवलं कुणी हे त्याला कळलंच नव्हतं. शिवाय हरणं म्हणजे शिक्षा नव्हे. सेवेरिनोला हरवलं नव्हतं, त्याला चारचौघांत उघडं पाडलं होतं, तेही न केलेल्या गोष्टीसाठी. नीवेसला ओरेस्तेचं तसंच व्हायला हवं होतं, त्याच सभागृहात, त्याच माणसांसमोर.

एरसिलिया तोवर इंगहॅमच्या वृद्धाश्रमात होती. तिची आठवण तीन वर्षांपूर्वी गेली होती. आधी शब्द गेले, मग माणसं, मग चमचा तोंडाकडे न्यायचं भानही गेलं. नीवेस दर मंगळवारी आणि शुक्रवारी चौदा किलोमीटर गाडी हाकत तिला भरवायला जाई. का जातेस, असं कार्मेलानं, तिच्या मैत्रिणीनं, एकदा विचारलं होतं. नीवेस म्हणाली होती की ती सेवेरिनोच्या नाकाडोळ्याची आहे, आणि तिथल्या मुली तिला घाईघाईनं भरवतात. प्रेमाबिमाचं नाव तिनं काढलं नाही. दारातल्या वहीत भेटायला येणाऱ्यांनी सही करायची असते. ओरेस्तेची सही महिन्यात दोनदा दिसे, तीही बुधवारी, दहा मिनिटांपुरती.

त्या फेब्रुवारीत नदीला पूर आला, रस्ते आठवडाभर पाण्याखाली गेले, आणि पुन्हा केव्हा जातील याचा नेम नव्हता. क्लबची वार्षिक ब्रिस्कोला स्पर्धा तोंडावर होती. क्लबची सचिव लोरेट्टा, चाळिशीची चटपटीत बाई, तिनं ठरवलं की यंदा स्पर्धा मोबाइलवर घ्यायची. जोड्या घरबसल्या खेळतील, एका खेळाडूनं एकाच मोबाइलवर, आणि भिडूंनी आपसात फोनवर बोलायचं नाही. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. तोंड वाकडं करायचं कुणाकडे बघून, असं ग्वेरिनोनं विचारलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाला होता तो. पण नावं भरभर आली.

ओरेस्तेनं आपला भिडू म्हणून नाव दिलं एरसिलियाचं. त्यानं लोरेट्टाला सांगितलं की तिच्या हातात टॅबलेट दिला की ती जागी होते, पत्ते ओळखते, डॉक्टरसुद्धा चकित झालेत, मी रोज तिच्या शेजारी बसून खेळतो. लोरेट्टाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी पाद्र्यानं प्रवचनात वैवाहिक निष्ठेचं उदाहरण म्हणून ते सांगितलं. एरसिलियाची जोडी जिंकत सुटली.

नीवेसनं हे ऐकलं, पण चटकन काही मनात आणलं नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी ती नेहमीप्रमाणे आश्रमात गेली. एरसिलिया खिडकीशी खुर्चीत होती. नीवेसनं तिच्या गळ्याशी रुमाल बांधला, नाशपातीची पातळ खीर चमच्यात घेतली आणि सहज मोबाइल मांडीवर ठेवून चालू सामना बघायला उघडला. ओरेस्ते आणि एरसिलिया, विरुद्ध दोघं भाऊ. एरसिलियानं खिरीसाठी आ केला. त्याच क्षणी मांडीवरच्या पडद्यावर एरसिलियाच्या नावानं तलवारींचा एक्का पडला.

नीवेसनं चमचा तसाच धरून ठेवला. आणखी एक हात झाला. ओरेस्तेनं राजा टाकला, आणि एरसिलियाच्या नावानं त्यावर तिर्री आली, अगदी हवी तिथे, हवी तेव्हा. समोरची एरसिलिया ओठावरची खीर जिभेनं शोधत होती. दोन्ही हातांतले पत्ते ओरेस्तेच बघत होता. घरी बसून, दोन यंत्रं पुढ्यात घेऊन.

ती दारातल्या परिचारिकेकडे गेली आणि तिनं विचारलं, एरसिलियाला कुणी टॅबलेट दिलाय का? परिचारिका हसली. "तिला परवा हातात पुस्तक दिलं तर तिनं ते खायला सुरुवात केली, नीवेस."

दुसरं कुणी असतं तर तडक लोरेट्टाला फोन करून मोकळं झालं असतं. नीवेसनं उरलेली खीर भरवली, एरसिलियाचं तोंड पुसलं, केस विंचरले, आणि घरी जाऊन तिनं कार्मेलाला स्पर्धेत दोघींच्या जोडीचं नाव घालायला लावलं. गटांतले सामने सुरू झाले होते, तरी नावं घ्यायची मुदत संपायला अजून एक दिवस होता. बंदी सेवेरिनोवर होती, त्याच्या बायकोवर नव्हती, त्यामुळे लोरेट्टाला नाही म्हणता येईना. सगळं ऐकून कार्मेला म्हणाली, "अगं, आत्ताच सांग ना सगळ्यांना. एवढं कशाला ताणायचं?"

"सांगितलं की तो म्हणेल, नीवेस खोटं बोलते. आणि लोक म्हणतील, बाई कुणाची ते बघा. मला सांगायचं नाहीये. मला दाखवायचंय."

कार्मेला चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिनं पुन्हा विचारलं नाही.

सहा आठवडे दोघी खेळल्या. कार्मेला बेताची खेळणारी होती, पण सांगितलं तेवढं करी आणि उगाच हुशारी दाखवत नसे. गटातल्या सामन्यात एकदा ओरेस्तेशीच गाठ पडली. जिंकता येत असताना नीवेसनं एक्का चुकीच्या हातावर फेकला, कारण तो हरला असता तर बाहेर पडला असता. त्या दिवशी ओरेस्तेनं खाली तिच्यासाठी लिहिलं, चांगला प्रयत्न. नीवेसनं मोबाइल उपडा ठेवला आणि अंगणात जाऊन कोयत्यानं केळीची वाळलेली पानं छाटत बसली. छाटायला पानं संपली तेव्हा ती थांबली.

अंतिम सामना एप्रिलमधल्या एका रविवारी ठरला. रस्ते कोरडे झाले होते, म्हणून लोरेट्टानं म्हटलं, सगळे क्लबात जमू, भिंतीवर मोठा पडदा लावू. ओरेस्तेनं कळवलं की मला यायला आवडलं असतं, पण एरसिलियाला सोडून कसा येऊ, आम्ही दोघं आश्रमातूनच खेळू. समितीनं एकमतानं होकार दिला. नीवेस दुसऱ्या दिवशी आश्रमात गेली आणि तिनं रविवारसाठी एक अर्ज भरला. नातेवाइकाला बाहेर नेण्याचा. नातं: भावजय. वेळ: दुपारी तीन ते पाच. सोबत एक परिचारिका असावी.

रविवारी ती क्लबची पायरी चढली. निळा झगा, इस्त्री केलेला. आत दीडशे माणसं आणि तळलेल्या क्रोस्तोलीचा, साखर भुरभुरलेल्या खुसखुशीत पट्ट्यांचा, वास. काहींनी मान हलवली, बहुतेकांनी नाही. तिची नजर आधी फळीवर गेली. तपकिरी डाग तिथेच होते, मूळ रंगापेक्षा गडद. ती त्यांच्याखालीच खुर्ची टाकून बसली, कार्मेला समोरच्या कोपऱ्यात. पाच डाव व्हायचे होते.

पहिला डाव तिनं जिंकला, दुसरा ओरेस्तेनं, तिसरा पुन्हा तिनं. त्या दिवशी ती खरोखरच खेळली, काही राखून ठेवलं नाही. चौथा ओरेस्तेनं घेतला. पडद्यावर एरसिलियाचं नाव उजळलं की सभागृहात कुणीतरी हळहळून उसासा टाकी, आणि तिनं चांगला पत्ता टाकला की टाळ्या पडत. चौथ्या डावानंतर चहाची सुट्टी झाली. नीवेस बाहेर गेली. आश्रमाची गाडी वेळेवर आली होती. तिनं परिचारिकेकडून चाकाची खुर्ची स्वतःच्या हातात घेतली.

पाचवा डाव सुरू झाला. पत्ते वाटले गेले. हुकूम सोट्यांचा. पहिले दोन हात नीवेस दाराबाहेरूनच मोबाइलवर खेळली, आणि मग मधल्या वाटेनं एरसिलियाला ढकलत घेऊन आली. खुर्चीची चाकं फरशीवर करकरत होती. पहिल्या रांगेपुढे तिनं खुर्ची थांबवली, ब्रेक लावला, शेजारी बसली आणि मोबाइल हातात घेऊन आपला पत्ता टाकला. आता पाळी एरसिलियाची होती. पडद्यावर नाव उजळलं. चार सेकंद गेले. एरसिलियाच्या नावानं सोट्यांचा राजा पडला.

एरसिलिया छताकडच्या पंख्याकडे बघत होती.

आधी पुढच्या रांगेला कळलं, मग मागच्या. कुणी टाळी वाजवायला हात वर केले होते ते तसेच राहिले. आणखी एक हात झाला, आणखी एक पत्ता पडला. लोरेट्टा पांढरीफटक पडली होती. एरसिलियापुढे वाकून तिनं तिच्या हातांकडे पाहिलं, रिकाम्या, एकमेकांत गुंतवलेल्या. मग तिनं काय मनात आणलं कोण जाणे, व्यासपीठावरून ओरेस्तेला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. कदाचित तिला अजून वाटत होतं की काहीतरी साधंसं कारण निघेल.

"ओरेस्ते, एरसिलिया कशी आहे? दमली तर नाही ना?"

"छे, मजेत आहे," ओरेस्तेचा आवाज सभागृहभर घुमला. "ही काय माझ्या शेजारी. राजा टाकला आणि हसली बघ. माझा हात धरून बसलीय."

नीवेस उठली, व्यासपीठाशी गेली आणि तिनं लोरेट्टाच्या हातातून फोन घेतला.

"ओरेस्ते, मी नीवेस. एरसिलिया इथे क्लबात आहे, पहिल्या रांगेत. तिला चहा देतेय. साखर घालू का?"

फोन बंद झाला. भिंतीवरच्या पडद्यावर ओरेस्ते आणि एरसिलिया ही दोन्ही नावं एकाच क्षणी करडी झाली आणि खाली अक्षरं आली: खेळाडूंनी खेळ सोडला आहे.

नीवेसला वाटलं होतं या क्षणी आपल्याला रडू येईल. तसलं काही झालं नाही. तिला लख्ख, थंड, पोटभर आनंद झाला. ती ग्वेरिनोच्या समोर जाऊन उभी राहिली. तो दोन्ही हात काठीवर ठेवून बसला होता.

"ग्वेरिनो, एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही याच माणसाच्या शब्दावर माझ्या नवऱ्याला हाकललंत."

"पत्ता आम्ही डोळ्यांनी पाहिला होता, नीवेस," म्हातारा हळू म्हणाला.

"पत्ता पाहिलात. हात कुणाचा ते नाही पाहिलंत."

तो खाली बघत राहिला, अगदी सेवेरिनो बघायचा तसा. नीवेसनं त्याला तसंच बघू दिलं, पुरेसा वेळ. मग तिनं एरसिलियाला चहा पाजला आणि परिचारिकेबरोबर गाडीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरेस्ते तिच्या दारात आला. नीवेसचं घर तिथल्या सगळ्या घरांसारखं उंच खांबांवर. ती वर जिन्याच्या टोकाशी उभी राहिली, त्याला वर बोलावलं नाही. तो उन्हात, टोपी हातात घेऊन, खाली उभा. दाढी वाढली होती, सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. त्यानं आधी एरसिलियाचंच सांगायला घेतलं, की पूर्वी ती दोघं रोज जेवणानंतर खेळायची, पडद्यावर तिचं नाव आलं की वाटायचं ती समोर बसलीय, तिचे पत्ते ती टाकायची तसेच मी टाकायचो. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते खोटं नव्हतं, हे नीवेसला कळत होतं. तरी तिचं मन पाघळलं नाही.

"मी ते विचारलं नाही," ती म्हणाली. "तिर्रीचं बोल."

तो बोलला. पत्ता त्याच्याच मांडीखाली होता. मागचे लोक कुजबुजायला लागले तसा त्याचा धीर सुटला आणि त्यानं तो सरकवला. सेवेरिनोच्या खुर्चीखाली जाईल असं ठरवलं नव्हतं, पण गेला, आणि मग बोलावं लागलं. त्यानंतर रोज वाटायचं सांगून टाकावं.

"एकोणीस वर्षं रोज?"

ओरेस्तेनं हातातली टोपी उलटी केली. मग म्हणाला, "एरसिलियाला ठाऊक होतं. तिनं मला पाय हलवताना पाहिलं होतं. म्हणून ती भावाला तोंड दाखवत नव्हती. म्हणून अंत्यविधीला आली नाही. तिनं मला कधी माफ केलं नाही, नीवेस, पण बोललीही नाही कुणाजवळ."

हे नीवेसला ठाऊक नव्हतं. तिनं आत जाऊन कागद आणि पेन आणलं आणि वरून खाली टाकलं. सगळं लिही म्हणाली, तारखेसकट. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून लिहू लागला. लिहून झाल्यावर म्हणाला की हे तुझ्याजवळ ठेव, सेवेरिनोच्या फोटोपाशी ठेव, पण क्लबात लावू नकोस, मुलगा केर्न्सला शिक्षक आहे, त्याच्या कानावर जाईल. नीवेस कागद घेऊन थेट क्लबात गेली, या वेळी व्हरांड्यासमोरून, आणि तिनं तो सूचनाफलकावर चार टाचण्यांनी लावला. महिनाभर तो तिथे होता. लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढून नेत.

क्लबनं ओरेस्तेला काढून टाकलं. फळीवरचे डाग खरवडून सेवेरिनोचं नाव पुन्हा रंगवलं. समितीची माणसं केक घेऊन नीवेसकडे आली आणि म्हणाली, पुढच्या वर्षीपासून स्पर्धेला सेवेरिनोचं नाव देऊ. नीवेसनं केक ठेवून घेतला नाही. तुमच्या कपावर त्याचं नाव नको, म्हणाली, तुमच्यातल्या एकानंही पंधरा वर्षांत त्याच्या दारावर टकटक केली नाही. ती माणसं जिना उतरून गेली तेव्हा तिला पुन्हा तो आनंद झाला, पण थोडा कमी.

खरी पंचाईत मंगळवारी झाली. एरसिलियाला भरवायचा दिवस. नीवेस गाडीत बसली, किल्ली फिरवली, आणि तशीच बसून राहिली. ज्या बाईनं एका वाक्यात सेवेरिनोची पंधरा वर्षं परत दिली असती, तिच्या तोंडात आपण तीन वर्षं घास घालत होतो. तिच्यावर सूड उगवावा तर ती कुठे होती? जिनं पाहिलं आणि गिळलं, ती बाई तर केव्हाच निघून गेली होती. ओरेस्तेवर राग धरणं सोपं होतं, त्याला लाज वाटू शकत होती. नीवेसनं किल्ली काढली आणि घरात गेली. त्या मंगळवारी ती गेली नाही, शुक्रवारीही नाही. पुढच्या मंगळवारी परिचारिकेचा फोन आला की एरसिलिया खात नाहीये, वजन उतरतंय. नीवेस गेली. पहिला चमचा तिनं जरा जोरातच तोंडात घातला. एरसिलियानं खीर गिळली आणि पुन्हा आ केला. मग नीवेसचा हात आपोआप मवाळ झाला, पण त्या दिवशी तिनं केस विंचरले नाहीत.

पुढच्या गाळपाआधी ओरेस्ते घर विकून मुलाकडे केर्न्सला गेला. जाताना एरसिलियाच्या कागदांवर सही कुणी करायची, असं आश्रमानं विचारलं. दुसरं कुणी नव्हतं. नीवेसनं सही केली. ओरेस्ते अधूनमधून मोबाइलवर तिला खेळायला बोलावतो. क्लबच्या सगळ्यांनी त्याच्याशी खेळणं सोडून दिलंय. ती प्रत्येक वेळी बोलावणं घेते, त्याला हरवते आणि एक अक्षर लिहीत नाही. कार्मेला म्हणते, आता पुरे कर. नीवेस म्हणते, त्याला पुरे झालं की तो बोलवायचं थांबेल.

मागे एकदा मुलगी ब्रिस्बेनहून आली होती. आंबे सोलता सोलता तिनं विचारलं, त्या बिचाऱ्या एरसिलियाआत्याला असं सगळ्यांसमोर नेऊन बसवल्याचं तुला कधी वाईट वाटतं का? नीवेसनं सुरी थांबवली आणि खरोखर विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन. फक्त तिला आधी स्वेटर घालीन. क्लबातला एसी फार गार असतो."